गच्चीवर सूर्य, तरी लिफ्ट बंद

सोसायटीच्या वार्षिक सभेत हल्ली पाणी, पार्किंग आणि गळती यांच्या जोडीला चौथा विषय येऊन बसला आहे: गच्चीवर सौर पॅनेल बसवायची की नाही. भाईंदर पूर्वेचे जेसल पार्क त्याला अपवाद नाही. खाडीच्या काठाला उभ्या राहिलेल्या इथल्या इमारतींत लिफ्ट आणि पंपाचे सामाईक वीजबिल दर महिन्याला डोळ्यांत खुपते, आणि सरकार अनुदान देते म्हटल्यावर कान टवकारले जातातच. सभेत एक जण बिल शून्यावर येईल म्हणतो, दुसरा गच्चीला भोके पाडायला ठाम विरोध करतो. मग कुणीतरी, बहुधा जिच्या घरी आजारी आई किंवा वडील आहेत अशी व्यक्ती, विचारते, 'म्हणजे आता लाइट गेली तरी लिफ्ट चालू राहील ना?' या प्रश्नाला बऱ्याच ठिकाणी 'हो, राहील की' असे बेधडक उत्तर मिळते. ते चुकीचे आहे, आणि ज्यांच्या घरी श्वासाला यंत्राचा आधार लागतो त्यांच्यासाठी धोक्याचेही आहे.

सोसायट्या बसवतात ती यंत्रणा बहुतेक वेळा ग्रिडला जोडलेली असते. पॅनेल दिवसा वीज तयार करते, इन्व्हर्टर तिचे रूप बदलून ती इमारतीच्या वायरिंगमध्ये सोडतो, उरलेली वीज कंपनीच्या जाळ्यात जाते आणि दोन्ही दिशांनी मोजणारा नेट मीटर तिचा हिशेब ठेवतो. रात्री लिफ्ट चालते ती कंपनीच्याच विजेवर. आता बाहेरची वीज गेली की हा इन्व्हर्टर क्षणात स्वतःहून बंद पडतो. ऊन कितीही कडक असले तरी बंद. हा दोष नव्हे, मुद्दाम केलेली व्यवस्था आहे. लाइन बंद आहे असे समजून सबस्टेशनात किंवा केबलवर काम करणाऱ्या वायरमनच्या हातात गच्चीवरून आलेली वीज जाऊ नये, म्हणून ती केलेली असते. परिणाम मात्र असा की भर दुपारी वीज गेली तर वर सूर्य तळपत असतानाही लिफ्ट जागची हलत नाही. बॅटरी आणि तिला चालणारा हायब्रीड इन्व्हर्टर घेतला तरच गच्चीवरची वीज अशा वेळी वापरता येते, आणि मग खर्चाचा आकडा बराच वर जातो. विक्रेत्याच्या माहितीपत्रकात हा मुद्दा ठळक अक्षरांत क्वचितच असतो.

मुंबई आणि उपनगरांत वीज जातेच कुठे, असे म्हणणाऱ्यांनी १२ ऑक्टोबर २०२० आठवून पाहावा. सकाळी दहाच्या सुमारास पडघा-कळवा भागातल्या उच्च दाबाच्या वाहिन्यांतील बिघाडानंतर मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकाच वेळी अंधारात गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या. मुंबईला उरलेल्या जाळ्यापासून अलग करून वीज टिकवण्याची व्यवस्था त्या दिवशी पुरी पडली नाही. दिवस कोविडचे होते. रुग्णालये जनरेटरवर गेली, पण घरोघरी ऑक्सिजन यंत्रावर असलेल्या रुग्णांना जनरेटर नव्हता. त्याआधी २६ जुलै २००५ च्या पुरात उपनगरांतल्या कित्येक वस्त्यांना दिवसच्या दिवस विजेविना काढावे लागले होते, कारण तळमजल्यावरच्या मीटर खोल्या पाण्यात होत्या. जेसल पार्क खाडीला लागून आहे. इथल्या सोसायट्यांनी सौर इन्व्हर्टर आणि बॅटऱ्या कुठे ठेवायच्या हे ठरवताना तो जुलै विसरू नये. तळमजल्याच्या जिन्याखालची जागा मोकळी दिसते म्हणून ती योग्य ठरत नाही.

घरच्या यंत्रांचा हिशेब थोडा तपशिलात मांडायला हवा, कारण रुग्णालयातून सुटी देताना तो फारसा सांगितला जात नाही. दीर्घकाळच्या दम्याने किंवा धूम्रपानाने फुप्फुसे निकामी झालेल्या रुग्णाला घरी मिनिटाला एक-दोन लिटर ऑक्सिजन लावला जातो. त्यासाठी पाच लिटरचे जे काँसन्ट्रेटर यंत्र मिळते ते साधारण ३०० ते ३५० वॅट वीज खाते, म्हणजे चार-पाच पंख्यांइतकी, आणि तीही अखंड. घरच्या नेहमीच्या इन्व्हर्टरला १२ व्होल्टची, १५० अँपिअर-तासांची बॅटरी असते. कागदावर तिच्यात १,८०० वॅट-तास ऊर्जा असते; प्रत्यक्षात बॅटरी पूर्ण रिकामी करता येत नाही आणि इन्व्हर्टरही काही खातो, म्हणून हाती हजाराच्या आसपास उरते. यंत्र त्यावर तीन तास चालेल. बॅटरी चार वर्षांची जुनी असेल तर दीड तासही नाही. उलट, बी टाइपचा भरलेला सिलिंडर १,५०० लिटर ऑक्सिजन देतो: मिनिटाला दोन लिटरने साडेबारा तास, विजेविना. म्हणून ज्यांच्या घरी काँसन्ट्रेटर आहे त्यांच्याकडे भरलेला सिलिंडर, त्याचा रेग्युलेटर आणि तो जोडता येणारा माणूस, तिन्ही हवेत. सौर पॅनेल असोत वा नसोत. सिलिंडरजवळ देवाचा दिवा, उदबत्ती, विडी यांपैकी काहीही नको.

इन्सुलिनचे घाबरण्यासारखे नाही. न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवायची असते, पण फ्रीज काही तास बंद राहिल्याने ती खराब होत नाही. फ्रीजचे दार मिटून ठेवावे एवढेच. वापरात असलेली बाटली खोलीच्या तापमानाला साधारण चार आठवडे चालते. एप्रिल-मेच्या उकाड्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेला मातीचा माठ पुरतो. घाबरून बाटली बर्फात खुपसण्याने मात्र नुकसान होते, गोठलेले इन्सुलिन निरुपयोगी असते.

या सगळ्यावर सोसायट्यांनी आजवर काढलेला तोडगा म्हणजे डिझेल जनरेटर. तो लिफ्ट चालवतो हे खरे. पण डिझेलचा धूर कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये निःसंदिग्धपणे जाहीर केले आहे, आणि स्टिल्टमध्ये ठेवलेल्या जनरेटरचा धूर पहिल्या-दुसऱ्या मजल्यावरच्या खिडक्यांतून सरळ आत जातो. दुकानांत मिळणारे छोटे पेट्रोल जनरेटर तर बंद गॅलरीत किंवा पॅसेजमध्ये कधीच चालवू नयेत. त्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोके दुखते, मळमळते, झोप येते, आणि माणूस झोपेतच जातो. बॅटरीसह सौर यंत्रणेचा आरोग्याच्या दृष्टीने पहिला फायदा हाच, की संकटाच्या वेळी धूर न करता चार दिवे, एक लिफ्ट आणि एक ऑक्सिजन यंत्र चालू शकते. त्यासाठी किती बॅटरी लागेल, हे सभेत विचारायला हवे. बिल किती वाचेल, हा प्रश्न त्याच्यानंतरचा.

अर्थात सौर विजेचा आरोग्याला होणारा मोठा फायदा जेसल पार्कच्या गच्चीवर दिसत नाही, तो दूर कुठेतरी होतो. या भागाला वर्षानुवर्षे वीज पुरवत आलेले डहाणूचे ५०० मेगावॅटचे केंद्र १९९५-९६ मध्ये सुरू झाले ते कोळशावर. चिकूच्या बागांचा तो तालुका. तिथल्या रहिवाशांनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढा दिला, न्यायालयाच्या आदेशाने १९९६ मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमले गेले, आणि त्याच्या पाठपुराव्यामुळे धुरातला गंधक काढून टाकणारी यंत्रणा तिथे २००७ पर्यंत बसली. देशातल्या बहुतेक कोळसा केंद्रांना इतकी जागरूक माणसे शेजारी लाभली नाहीत. नागपूरजवळच्या कोराडी केंद्राचा राखेचा बांध जुलै २०२२ मध्ये फुटला आणि राख शेतांत, ओढ्यांत पसरली. वीज भाईंदरला, मुंबईला, पुण्याला. राख आणि धूर दुसऱ्याच कुणाला, हा व्यवहार इतका जुना झाला आहे की तो कुणाला व्यवहार वाटतच नाही.

बाहेरच्या हवेच्या प्रदूषणामुळे जगात २०१९ मध्ये ४२ लाख अकाली मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यांत हृदयविकार आणि पक्षाघाताचे मोठे प्रमाण आहे, केवळ खोकला-दम्याचे नाही. विजेच्या प्रत्येक प्रकाराला किती जीव द्यावे लागतात याचा हिशेब ऑक्सफर्डमधल्या 'आवर वर्ल्ड इन डेटा' या गटाने मांडला आहे. शंभर कोटी युनिट विजेमागे कोळशाचे सुमारे २५ मृत्यू, नैसर्गिक वायूचे सुमारे तीन, जलविद्युतचा एकाहून थोडा अधिक, आणि पवन, अणू, सौर या तिघांचेही एक-दशांशापेक्षा खूप कमी. कोळशाचा आकडा युरोपातल्या केंद्रांवरून काढलेला आहे. आपला कोळसा अधिक राखेचा आणि केंद्रांभोवतीची वस्ती दाट. इथला आकडा त्याहून कमी असण्याचे काही कारण नाही. अणुविजेचे नाव या यादीत सूर्याशेजारी पाहून अनेकांना धक्का बसतो. भाईंदरपासून सरळ रेषेत साठ-पासष्ट किलोमीटरवर तारापूरचे केंद्र १९६९ पासून वीज देते आहे. अणुविजेचा खरा कच्चा दुवा रोजच्या उत्सर्जनात नसून हजारो वर्षे सांभाळाव्या लागणाऱ्या कचऱ्यात आणि क्वचित होणाऱ्या मोठ्या अपघातात आहे. तो विषय स्वतंत्र लेखाचा.

पर्यायी ऊर्जा हा शब्द नवा असला तरी मुंबईला तिची ओळख शंभर वर्षांपूर्वी झाली. गिरण्यांच्या धुराने शहर इतके काळवंडले होते की १९१२ मध्ये धुराच्या उपद्रवाविरुद्ध कायदा करावा लागला. १९१५ मध्ये खोपोलीचे टाटांचे जलविद्युत केंद्र सुरू झाले आणि गिरण्यांच्या बॉयलरना कोळशावाचून पर्याय मिळाला. सह्याद्रीवरचे पाणी घाटाखाली सोडून केलेली ही वीज निर्धूर होती. पण पुढच्या धरणासाठी मुळशी खोऱ्यातल्या गावांची जमीन घ्यायची ठरली, तेव्हा १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. धरण झालेच, आणि शेते पाण्याखाली गेली. मुंबईच्या फुप्फुसांना जे मिळाले त्याचा मोबदला मावळातल्या शेतकऱ्याने दिला, असे म्हणणे कठोर वाटेल, पण खोटे नाही.

आजचा मोबदला राजस्थानात मोजला जातो. मीरा-भाईंदरला वीज देणारी अदानी इलेक्ट्रिसिटी ही कंपनी जैसलमेरमधल्या ७०० मेगावॅटच्या सौर-पवन प्रकल्पातून वीज आणते. नावसाधर्म्याची गंमत बाजूला ठेवू. जेसल पार्कमधल्या पंख्याला आज जैसलमेरचे वारेही फिरवते, हे खरे आहे. पण त्याच वाळवंटात माळढोक पक्षी उरलेसुरले दिवस काढतो आहे. जड अंगाच्या या पक्ष्याला समोरचे नीट दिसत नाही आणि तो विजेच्या तारांवर आदळून मरतो. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये माळढोकच्या टापूतल्या तारा जमिनीखाली घेण्याचा आदेश दिला. मार्च २०२४ मध्ये, स्वच्छ विजेची गरजही लक्षात घेऊन, तो बराच सैल केला आणि तज्ज्ञांची समिती नेमली. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर एकेकाळी हा पक्षी सहज दिसायचा. महाराष्ट्रातून तो जवळपास गेला आहे, आणि तो काही पवनचक्क्यांमुळे गेला नाही; माळराने आपण आधीच नांगरून, बांधून संपवली होती.

साताऱ्याच्या चाळकेवाडी-वनकुसवडे पठारावरच्या पवनचक्क्यांची पाती पावसाळ्यात जोरात फिरतात, नेमकी जेव्हा सौर पॅनेल मंदावलेली असतात. हा जोडीदार म्हणून वाऱ्याचा मोठा गुण. पवनचक्कीच्या आवाजाने आजार होतात अशी कुजबुज अधूनमधून कानावर येते. जवळ राहणाऱ्यांची झोप बिघडू शकते, चिडचिड होते, एवढे मान्य. त्यापलीकडचा कुठलाही आजार सिद्ध झालेला नाही. चौपाटीवर फिरायला येणारे कधी कधी समोरच्या वसई खाडीकडे बोट दाखवून म्हणतात, एवढे पाणी दिवसातून दोनदा आत-बाहेर करते, त्याची वीज का करत नाहीत? फ्रान्सने ला रान्स इथे १९६६ मध्ये भरती-ओहोटीवरचे २४० मेगावॅटचे केंद्र बांधले, पण तिथे भरती सरासरी आठ मीटर चढते. इथे मोठ्या उधाणालाही चार-पाच मीटर. त्यासाठी खाडीला बांध घालायचा, तिवरे आणि मासेमारी दोन्ही पणाला लावायची, हा सौदा परवडणारा नाही.

भाईंदरला सूर्याच्या धंद्याची ओळख मात्र पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. इथली मिठागरे म्हणजे सौर ऊर्जेवर चालणारे कारखानेच: भरतीचे पाणी घ्यायचे, उन्हाला आटवू द्यायचे, मीठ ओढायचे. पावसाळ्यात काम बंद. सौर पॅनेलचा हिशेबही फार वेगळा नाही. एक किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट मोकळी, सावली न पडणारी जागा लागते आणि वर्षाची सरासरी काढली तर दिवसाला चार युनिटच्या आसपास वीज मिळते. जुलै-ऑगस्टमध्ये ती निम्म्यावर येऊ शकते. समजा तीन हजार चौरस फुटांच्या गच्चीवर टाक्या, लिफ्टची खोली आणि शेजारच्या उंच इमारतीची सावली वगळून निम्मी जागा उरली. तिथे १५ किलोवॅट बसतील, महिन्याला अठराशे युनिट मिळतील. लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांचा मोठा भाग त्यात निघू शकतो. अठ्ठावीस घरांचे एसी निघणार नाहीत. फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापराला किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे, म्हणजे या उदाहरणात दोन लाख सत्तर हजार. बंगला किंवा स्वतःची गच्ची असलेल्याला तीन किलोवॅटपर्यंत ७८,००० रुपये मिळतात. इमारतीतल्या एकट्या सदनिकाधारकाला या योजनेचा उपयोग थोडाच, कारण गच्ची त्याची नसते.

शेवटच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी मात्र मत देताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पॅनेल गच्चीवर सावली धरतात. कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगो विद्यापीठात २०११ मध्ये केलेल्या मोजमापात पॅनेलखालचे छत दिवसा सुमारे तीन अंश सेल्सिअसने थंड भरले. मे महिन्यात वरच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या सत्तरीच्या माणसाला तीन अंश ही छोटी गोष्ट नाही. उष्माघाताचे वृद्ध रुग्ण पुष्कळदा उन्हात हिंडलेले नसतात, घरातच तापलेले असतात.

आता गच्चीवरच्या कटकटी. गळतीला कंटाळून बऱ्याच सोसायट्यांनी गच्चीवर पत्र्याची शेड चढवली आहे आणि तिच्यावरच पॅनेल लावायचा मोह होतो. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेले तेव्हा कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटर वाऱ्याची नोंद झाली होती. पॅनेल हे शिडासारखे वारा धरते. शेडच्या सांगाड्याला ते पेलते का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्यावे. खाडीची खारी हवा साध्या लोखंडाला दोन-तीन पावसाळ्यांत खाऊन टाकते, म्हणून सांगाडा जाड जस्ताचा मुलामा दिलेला किंवा ॲल्युमिनियमचा हवा. पॅनेल धुण्यासाठी गच्चीवर उघडे पिंप भरून ठेवले की आठवडा-दहा दिवसांत डेंग्यूच्या डासांची नवी पिढी तयार होते. टाक्यांची झाकणे पॅनेलखाली अडकून पडणार नाहीत हेही आधीच पाहावे, नाहीतर टाकी धुणारा माणूस वर्षभर फिरकत नाही. पॅनेल धुणारा कठड्याबाहेर झुकत असेल तर त्याला पट्टा आणि दोर द्यावा. या क्षेत्रातल्या दुखापतींमध्ये उंचीवरून पडणे हे ठळक कारण आहे. आणि उजेड आहे तोवर पॅनेलमधून येणारी वायर जिवंत असते, मुख्य स्विच पाडला तरी. अग्निशमन दलाच्या जवानांना ते कळावे म्हणून इन्व्हर्टरजवळ आणि प्रवेशद्वाराशी तशी पाटी लावावी.

सौर बंबाचे वेगळे. ढगाळ दिवसांत त्याचे पाणी ३५-४० अंशांवर रेंगाळते, आणि लिजिओनेला हा न्यूमोनिया करणारा जंतू नेमका या उबेत वाढतो. आठवड्यातून एकदा आतल्या विजेच्या कॉइलने पाणी ६० अंशांपर्यंत तापवले की तो मरतो. पण ६० अंशांचे पाणी पाच-सहा सेकंदांत कातडी भाजते. लहान मुले असलेल्या घरात आधी बादलीत गार पाणी घालायची सवय हवी.

पॅनेलचे खरे मोल जिथे वीज पोचतच नव्हती तिथे कळते. गडचिरोलीला लागून असलेल्या छत्तीसगडमध्ये शेकडो प्राथमिक आरोग्य केंद्रांवर बॅटरीसह सौर यंत्रणा बसवली गेली. दिल्लीच्या ऊर्जा, पर्यावरण आणि जल परिषदेने २०१७ मध्ये केलेल्या पाहणीत असे दिसले की सौर वीज असलेल्या केंद्रांत महिन्याला बाह्यरुग्ण निम्म्याहून अधिक जास्त होते आणि बाळंतपणे जवळजवळ दुप्पट. रात्री दोन वाजता प्रसूतीच्या टेबलावर दिवा आहे की मोबाइलची टॉर्च, यावर गावातली बाई केंद्रात येते की नाही हे ठरते. लसींसाठीचे नवे सौर शीतकपाट तर बॅटरीही वापरत नाही, दिवसा आत बर्फ जमवते आणि रात्र त्यावर काढते.

एक इंधन जेसल पार्कच्या प्रत्येक घरातून रोज सकाळी बाहेर पडते: ओला कचरा. शहराचा कचरा उत्तनच्या धावगी डोंगरावर जातो; तिथे ढिगांना आगी लागतात आणि धूर उत्तनच्या कोळी वस्त्यांवर उतरतो. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या निसर्गऋण पद्धतीचे ओल्या कचऱ्यापासून गॅस करणारे संयंत्र माथेरानमध्ये बसवले गेले. पुण्याच्या आरती संस्थेने, डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने, घरच्या उरल्यासुरल्या अन्नावर चालणारे छोटे संयंत्र तयार केले आणि त्याला २००६ मध्ये ॲशडेन पुरस्कार मिळाला. अडचण तंत्रज्ञानाची नाही. एकाही घराने पिशवीत प्लॅस्टिक, डायपर टाकले की संयंत्र रुसते, आणि अठ्ठावीस घरांत असे एक घर असतेच. मिसळलेला ओला कचरा जाळून वीज करण्याची कल्पना आकर्षक वाटते, पण त्यात पाणीच इतके असते की तो नीट जळत नाही, आणि अर्धवट जळलेल्या प्लॅस्टिकमधून डायॉक्सिनसारखी विषे निघतात. बायोगॅसच्या टाकीतही धोका आहे. तिथे साचणारा हायड्रोजन सल्फाइड नाकाची वासाची जाणीवच मारतो. टाकी साफ करायला उतरलेला कामगार कोसळतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. सेप्टिक टँकमधले मृत्यू असेच होतात. टाकीत माणूस उतरवायचा नाही, एवढा एक नियम पाळला तरी पुरे.

बॅटरीची बाजू या सगळ्यात कमी बोलली जाते. लिथियमच्या बॅटऱ्या हलक्या आणि टिकाऊ असतात. पण खराब दर्जाची किंवा चुकीच्या चार्जरवर लावलेली बॅटरी कशी पेट घेते हे खाडीपलीकडे वसईत २०२२ मध्ये दिसले. घरात चार्जिंगला लावलेल्या ई-स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट होऊन एका लहान मुलाचा जीव गेला. जिन्यात, दाराशी, झोपायच्या खोलीत बॅटरी चार्ज करू नये; आग लागली तर बाहेर पडायची वाटच बंद होते.

स्वस्त म्हणून घरोघरी असते ती शिशाची बॅटरी. बंद डब्यात ती निरुपद्रवी आहे. ती फोडली, की शिसे माणसात जाते. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालाप्रमाणे भारतातल्या सुमारे साडेसत्तावीस कोटी मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण डेसिलिटरमागे पाच मायक्रोग्रॅमच्या वर आहे, आणि जुन्या बॅटऱ्यांचा उघड्यावरचा पुनर्वापर हे त्याचे एक प्रमुख कारण मानले जाते. शिशाची सुरक्षित अशी पातळी नाही. मुलांची बुद्धी आणि एकाग्रता कमी होते, रक्त कमी होते, पोटात कळा येतात, आणि लोहाच्या गोळ्या देऊनही हिमोग्लोबिन वाढत नाही तेव्हा शिशाची तपासणी करायची असते हे फार कमी ठिकाणी आठवते. वडील बॅटरीच्या किंवा भंगाराच्या कामात असतील तर त्यांच्या कपड्यांवरची धूळच पुरेशी ठरते. डॉक्टरांना घरातला व्यवसाय आपणहून सांगावा.

ऑगस्ट २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेली बॅटरी परत घेण्याची आणि नोंदणीकृत कारखान्यात पाठवण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, आणि एप्रिल २०२३ पासून निकामी सौर पॅनेलही ई-कचऱ्याच्या नियमांत आली आहेत. सोसायटीने पॅनेल आणि बॅटरीचा करार करतानाच परत नेण्याची अट त्यात घालून घ्यावी. घरची जुनी बॅटरी नव्या बॅटरीच्या विक्रेत्याला द्यावी आणि पावती घ्यावी. भंगारवाला त्यापेक्षा दोन-तीनशे रुपये जास्त देतो. ते त्याला परवडतात, कारण आतले ॲसिड तो गटारात ओततो आणि शिसे मागच्या अंगणात चुलीवर वितळवतो.